अण्णाच्या दंडावरची खूण

अण्णा, माझा थोरला भाऊ, यंत्रांच्या कारखान्यात होता. वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी त्याची जर्मनीला निवड झाली, तेव्हा मी बेंगळूरच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बोट मुंबईहून सुटणार होती. मुंबईच्या गाडीला सहा दिवस उरले असताना कळलं की देवीची लस टोचल्याचा पिवळा दाखला लागतो. त्याशिवाय बोटीवर घेत नसत, आणि बोट चुकली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

बसवनगुडीतल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली: पूर्वी टोचलंय का? टोचलं असेल तर दाखला त्याच दिवसापासून चालतो. पहिलीच वेळ असेल तर आठव्या दिवशी हात दाखवायचा, मग दाखला. अण्णाच्या डाव्या दंडावर चिंचोक्याएवढी खूण होती. डॉक्टरांनी ती भिंगातून पाहिली. लसीची असेल, भाजल्याचीही असेल, म्हणाले. घरी विचारून या.

आई म्हणाली, लसीचीच. अक्का, आमची थोरली बहीण, म्हणाली की ती बिब्ब्याची. तिचं म्हणणं, अण्णाला लहानपणी कावीळ झाली होती, तेव्हा दंडावर बिब्ब्याचा डाग दिला होता. लस त्याला मिळालीच नव्हती. टोचणारा माणूस गल्लीत आला की त्या काळी पोरं लपवत.

"मीच याला कणगीमागे धरून बसले होते," अक्का म्हणाली. "तोंडावर हात ठेवून."

"तो हा नव्हे," आई म्हणाली. "तो धाकटा."

धाकटा म्हणजे मी. माझ्याही डाव्या दंडावर तशीच खूण आहे. आईच्या मते ती काविळीतल्या बिब्ब्याची, अक्काच्या मते लसीची. दोघींना एवढंच मान्य होतं की एकाला टोचलं आणि दुसऱ्याला लपवलं. मी नगरपालिकेत जाऊन आलो. जन्माच्या नोंदी होत्या, टोचण्याच्या नव्हत्या. आमच्या वर्तमानपत्रात अशी बातमी आली असती तर दुजोरा मिळेपर्यंत मी थांबवून ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी आई आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आली. त्यांनी कन्नडमध्ये दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती 'हौदु', म्हणजे हो, म्हणाली. त्यांनी लस टोचली, दाखल्यावर 'पुन्हा टोचले' असं लिहिलं आणि शिक्का मारला. अण्णा ठरल्या दिवशी गेला. गाडीत चढताना त्याने ट्रंक उजव्या हाताने उचलली.

एडनहून पत्र आलं. दंडावर मोठा फोड आला होता, दोन दिवस ताप होता. बोटीवरच्या डॉक्टरने विचारलं, असा फोड पहिल्या खेपेलाच येतो, पहिल्यांदाच टोचलंय का? अण्णाने लिहिलं होतं, 'मी म्हणालो, नाही. आईने सांगितलं आहे ना. त्याने दाखला पुन्हा वाचला आणि परत दिला. आता बरा आहे.'

मी पत्र मोठ्याने वाचलं. मला वाटलं, अक्का काहीतरी बोलेल. ती फक्त "सरी", बरं, एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आईने मला शर्ट काढायला सांगितला. माझ्या दंडावरची खूण तिने अंगठ्याने चाचपली, उजेडाकडे वळवून पाहिली.

"मग कावीळ तुला झालीच नव्हती?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"महिनाभर ताक-भातावर ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "रात्रंदिवस उशाशी बसले होते. कुणाच्या?"