दारापर्यंत गाडी

सयाजीचं घर बघायला निघालेले पावणे तिसऱ्यांदा फाट्यावरूनच परत गेले, तेव्हा बायडाबाईनं मनाशी ठरवलं की वाडीत गाडी आलीच पाहिजे.

राधानगरीच्या डोंगरात, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला ही वाडी. मोजकी घरं, भात, नाचणी, घरटी एखाद-दुसरी म्हैस. डांबर खाली फाट्यावर संपायचं, पुढं पाऊलवाट. नवरा गेल्यापासून बायडाबाईनं याच वाटेनं दुधाची किटली खाली नेली, पीठमीठ वर आणलं, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण तिचा पोरगा सयाजी पस्तिशीला टेकला. त्याच्या बरोबरीचे वाडीतले सगळेच बिनलग्नाचे. मुलीकडची माणसं फाट्यावर उतरायची, वर बघायची, पायातल्या चपलांकडं बघायची आणि ‘कळवतो’ म्हणून गाडीत बसायची.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं डोंगरावरचा माळ विकत घेतला. तिथं रिसॉर्ट होणार होतं. रस्ता तेच करणार होते, पण मधल्या वळणावर बायडाबाईच्या भाताच्या वावरातली पट्टी लागत होती.

देवळात बैठक बसली. तिचा चुलतदीर बाळासो पहिल्यापासून विरोधात.

“वैनी, पट्टी देऊ नगा. त्यांचा रस्ता झाला की आमचं कुत्रंबी हिकडं फिरकू देणार न्हाईत.”

“भावजी, तुमची पोरं बायकापोरं घिऊन इचलकरंजीला ऱ्हात्यात. तुमास्नी रस्ता कशाला लागतोय?”

“आन् रस्त्यानं पोरगी चालत येणार व्हय?”

“चिखलातनं तर न्हाई आली की!”

माणसं हसली. बाळासो पटका झटकून उठला, तो परत तिच्या दारात आला नाही.

कंपनीचा साहेब मात्र दारात आला. सोप्यात पोत्यावर बसून त्यानं चहा घेतला. “रस्ता वाडीचाबी पायजे,” बायडाबाई म्हणाली. “मावशी, रस्ता तुमचाच,” तो म्हणाला. आपल्या घरचा चहा घेतलेल्या माणसाकडं कागद मागणं तिला बरं वाटलं नाही; तिनं तशीच पट्टी देऊन टाकली.

रस्ता झाला. डेअरीचा टेम्पो वर येऊ लागला. बाळासोच्या दारात गॅसची टाकी उतरली. त्यानं ती आत घेतली, पण बायडाबाईच्या घराकडं बघितलं नाही.

दिवाळीनंतर भुदरगडकडचं स्थळ आलं. मुलीचं नाव क्रांती, बारावी झालेली. तिचे वडील आण्णा दोन भाऊबंद घेऊन घर बघायला यायचे होते. बायडाबाईनं अंगण सारवलं, पोहे भिजवले आणि रस्त्याकडं डोळे लावून बसली. गाडी काही येईना. मग सयाजीचा फोन वाजला.

“आई, पावणं खाली अडकल्यात. गेट लावलंय.”

वळणावर, तिच्या पट्टीच्या तोंडाला, कंपनीनं आठवड्यापूर्वी लोखंडी गेट बसवलं होतं. आजवर ते उघडंच असायचं. आज तिथं टोपीवाला वॉचमन उभा होता आणि आण्णांना बुकिंग विचारत होता.

आण्णा गाडी तिथंच ठेवून चालत वर आले. पोहे खाल्ले, पाणी प्याले.

“बाई, रस्ता झ्याक हाय,” ते म्हणाले. “पर पोरीनं म्हायेराला जाताना-येताना त्या टोपीवाल्याला इचारायचं व्हय? आन् पोरगं शेतीच करतंय नव्हं?”

“शेती हाय, म्हशी हायत्या.”

“कळवतो.”

दुसऱ्या दिवशी बायडाबाई पदर खोचून रिसॉर्टवर गेली. काय बोलायचं ते तिनं वाटेत दोनदा घोकलं होतं. “माझी पट्टी हाय ती. माझंच पावणं माझ्या दारात येऊ न्हाई दिलं तुमी.” मॅनेजरनं तिला खुर्ची दिली. लांबून माणसं येतात, त्यांची जबाबदारी असते, गेट काढता येणार नाही, असं तो शांतपणे सांगत राहिला. शेवटी म्हणाला, “असं करा मावशी, गेटवर तुमच्याच मुलाला ठेवतो. दरमहा पगार. गावचाच माणूस बरा.”

बायडाबाई भांडायला गेली होती, ती नोकरी घेऊन परतली.

सयाजी म्हणाला, “बाळासोतात्याला अडवू मी? वाडीला कुठल्या तोंडानं थांब म्हणू?”

“तात्या पोरगी देणार हाय तुला? जा म्हंते तर जा.”

तिनं स्वतःच आण्णांना फोन लावला. पगाराची नोकरी, कंपनीचा ड्रेस, घरापासून हाकेच्या अंतरावर.

“आता कसं बोललासा!” आण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षीची सुगी उरकल्यावर लग्न करायचं ठरलं. पुढचा पाऊस सरत आला, भाताला ओंब्या आल्या. एका दुपारी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बायडाबाई गेटाशी आली. मागं बाळासो होता, त्याच्याही डोक्यावर भारा. आत पाहुण्यांच्या गाड्या निघायच्या होत्या आणि मॅनेजर शेजारीच उभा होता.

सयाजीनं गेट उघडलं नाही.

“आई, भारा हिकडनं न्यायचा न्हाई म्हणत्यात. काड्या सांडत्यात. गाड्या घसरत्यात.” तो तिच्याकडं न बघता बोलत होता. “तात्या, तुमीबी.”

बाळासो आता काय बोलणार म्हणून बायडाबाई भाऱ्याखाली मान ताठ धरून वाट बघत राहिली. मॅनेजरसमोर त्यानं पोराला दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं. त्यानं नुसता भारा सावरला आणि लांबच्या अंगानं, टेकडीला वळसा घालून निघून गेला.

पहिली गाडी आतून हॉर्न वाजवू लागली. सयाजीचा हात कडीवर होता.

“टोपी नीट घाल,” बायडाबाई म्हणाली. “सांजच्याला आण्णा तारीख धराय येणार हायती. त्यांची गाडी आली की आदी कडी काढ, थांबवू नगंस.”

वळसा घालण्याएवढी ताकद तिच्या मानेत उरली नव्हती. ती रस्त्यावरून खाली उतरली आणि स्वतःच्या उभ्या भातातनं, ओंब्या तुडवत घराकडं निघाली.