बेसवाल्याचं प्लास्टिक माउथपीस

लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात मागे एक माणूस चालतो. त्याच्या अंगाभोवती पितळेचं वेटोळं असतं आणि डोक्यावर परातीएवढा भोंगा. त्या वाद्याचं खरं नाव सूसाफोन. आम्ही नागपूरचे बँडवाले त्याला नुसतं बेस म्हणायचो, आणि वाजवणाऱ्याला बेसवाला. सत्तरच्या दशकात महाल भागातल्या एका बँडचा बेसवाला मी होतो. दिवसा सायकल दुरुस्तीचं दुकान आणि लग्नसराईत संध्याकाळी बेस. ‘त्यात काय, नुसतं भुम् भुम्,’ असं म्हणणारे खूप भेटायचे. मी त्यांना सांगायचो, एकदा बेस बंद ठेवून वरात काढून बघा, पाय कुठे टाकायचा ते नवरदेवाच्या घोडीलाही कळणार नाही.

एका उन्हाळ्यात माझ्या ओठांभोवती लाल चट्ट्याचं गोल कडं उमटलं. ते बरोबर माउथपीसच्या मापाचं होतं. माउथपीस म्हणजे वाद्याच्या टोकाला बसवायची पितळेची वाटी. तिच्यात ओठ दाबून फुरफुरवायचे, की पुढे नळीतून आवाज निघतो. आमच्या माउथपीसवरचं पॉलिश कधीच उडालं होतं. मी मिशा वाढवल्या आणि गप्प राहिलो. बायकोला मात्र लगेच कळलं, कारण मी भाजीत तिखट कमी घालायला सांगितलं. आमच्या घरात असं कोणी म्हणालं तर आधी कपाळाला हात लावून ताप बघतात.

“मास्तरले सांगून टाका ना,” ती म्हणाली.

“अन् झांज वाजवू का वं?” मी म्हणालो.

ही भीती खोटी नव्हती. ज्याला फुंकता येत नाही त्याच्या हाती झांज द्यायची, हा आमच्या बँडमास्तरांचा नियम होता. झांजेकडून परत वाद्याकडे आलेला माणूस मी पाहिला नव्हता. म्हणून दुखत असतानाही मी वाजवत राहिलो. खापा गावच्या एका लग्नात मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, “दम संपला का गा तुहा? का भोंग्यात झोपून राहिला?” सगळे हसले. मीही हसलो, आणि हसल्यामुळे ओठ आणखी चिरला. त्या दिवशी मला मास्तरांचा भयंकर राग आला होता.

पावसाळ्यात वाद्यं खुंटीला लागली तसे चट्टे गेले. पुढच्या लग्नसराईची तालीम सुरू झाली आणि आठ दिवसांत ते परत आले. या वेळी बायकोनं हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, “ओठांना धातू लागू द्यायचा नाही.” मी म्हणालो, “साहेब, ओठांना धातू लावणं हाच माझा धंदा आहे.” त्यांनी मलम लिहून दिलं.

आधी मी माझ्या अकलेप्रमाणे सायकलच्या ट्यूबची चकती कापून वाटीच्या काठावर सोल्युशननं चिकटवली. ओठ सटकायला लागले आणि दोन दिवस चहालाही पंक्चरचा वास येत होता. मग इतवारीतल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फळीवरून एक खोकं काढलं. मेरठहून पितळी मालासोबत बेसची तीन प्लास्टिक माउथपीस आली होती, एक काळं, एक लाल, एक पांढरं. ती कोणी हातातही घेत नव्हतं. “खिलौना है,” तो म्हणाला, “पर तीनों ले जाओ, बजा के देखो. जो जमे वो रखना.”

आता मास्तरांना सांगणं भाग होतं. ओठ सोललेत, आठ दिवस झाले, असं मी सांगितलं. मागचं वर्ष गाळून टाकलं. प्लास्टिक पाहून ते म्हणाले, “यातून आवाज नाही निघत गा, हवा निघते. बेस पितळेचाच पाहिजे.”

मला मात्र या प्रश्नानं झपाटलं. आवाज पितळेचा असतो की ओठांचा? पितळेचा असेल तर बोटभर वाटी बदलल्यानं किती बिघडेल, वेटोळं तर सगळं पितळेचंच आहे! माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तिन्ही समोर मांडून बसायचो. लालच्या काठावर साच्याची बारीक शीर राहिली होती. बोटाला ती लागत नव्हती, पण ओठाला लगेच लागायची. पॉलिश पेपरनं घासून ती काढली. काळ्याचा काठ रुंद, ओठ त्यावर बसून राहायचे, पण त्याची दांडी वाद्यात ढिली बसायची, म्हणून तिला कागद गुंडाळला. पांढऱ्याची वाटी सगळ्यात खोल होती आणि खालचे सूर त्यात आपोआप सापडायचे. एक गंमत अशी कळली, की भर दुपारी उन्हात ठेवलं तरी प्लास्टिक ओठांना चटका देत नाही. मे महिन्यात नागपुरात पितळ तोंडाला लावून बघा, म्हणजे याची किंमत कळेल. मी पांढरं घ्यायचं ठरवलं.

आणि तिथेच माती खाल्ली. आमच्याकडे लग्नसराईआधी सगळ्यांची माउथपीस एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, चिंचेच्या पाण्यात उकळायची पद्धत होती. नवं आलेलं माउथपीस त्यात एकदा उकळून निघाल्याशिवाय बँडमधलं समजत नसत. मीही मोठ्या मानानं पांढरं त्यात सोडलं. एकानंही अडवलं नाही, कारण तसंच करायचं असतं. बाहेर काढलं तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं. मास्तरांनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि म्हणाले, “पाहा, गरम पाण्यानं ज्याचं असं होते, ते वरातीत काय टिकते?”

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “मास्तर, तुम्ही पाठ करून उभे राहा. मी तीनदा वाजवतो, एकदा पितळ अन् दोनदा प्लास्टिक. पितळ कोणतं ते तुम्ही सांगा. तुम्ही बरोबर सांगितलं तर उद्यापासून झांज घेतो.”

मास्तर लगेच तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानात जमलो. मी कोणत्या क्रमानं वाजवणार ते कागदावर लिहून ट्रम्पेटवाल्याजवळ दिलं. मास्तर पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बँडनं वरातीची एकच चाल तीनदा वाजवली. पहिल्यांदा मी काळं लावलं, दुसऱ्यांदा पितळ, तिसऱ्यांदा लाल. पितळेच्या वेळी नेहमीसारखं डोळ्यांत पाणी आलं.

मास्तर परत आले आणि अजिबात अडखळले नाहीत. “पहिलं पितळ,” ते म्हणाले. “भरून वाजलं. तिसरं प्लास्टिक, जरासं पातळ, पण चालते. अन् दुसरं तं पक्कं प्लास्टिक. त्याचा आवाज कसा भीत भीत येते.”

ट्रम्पेटवाल्यानं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, परत एकदा वाचला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी जिंकलो होतो, पण हसू आलं नाही. त्यांना काय कळलंय ते मलाही तेव्हाच कळलं. तो भीत येणारा आवाज प्लास्टिकचा नव्हता. तो माझा होता.

“कधीपासून दुखून राहिलं?” त्यांनी विचारलं.

“आठ दिवस...”

“खरं सांग.”

“मागच्या उन्हाळ्यापासून.”

ते थोडा वेळ कागदाच्या घड्या घालत राहिले. “म्हणजे खाप्याच्या लग्नात मी तुले बोललो, तवाही?”

“हो.”

“तवाच काहून नाही सांगितलं गा?”

“तुम्ही झांज दिली असती.”

ते नाही म्हणतील अशी मला आशा होती. ते म्हणाले, “दिलीच असती.”

मग ते बाकीच्या दहा-बारा जणांकडे वळले. “आणखी कोणाचं काय दुखून राहिलं, ते आजच सांगून टाका,” ते म्हणाले. “झांज कोणालेच देत नाही.”

ट्रम्पेटवाल्यानं हळूच हात वर केला आणि तोंड उघडून दाखवलं. त्याचा समोरचा दात मुळापासून हलत होता. मी वर्षभर त्याच्या मागे चालत वाजवत होतो, आणि मलाही ते कधी ऐकू आलं नव्हतं.