ब्रिजितमावशी आणि पप्पांचा डावा पाय

ब्रिजितमावशी काल गेली.
माझे पप्पा आज दोन पायांवर चालत तिच्या मातीला गेले, ते तिच्यामुळे.

सरावलीत आमच्या भिंतीला तिची भिंत. बोईसरच्या एका दवाखान्यात आया म्हणून रिटायर झालेली.

पप्पांची शुगर. डाव्या पायाला जखम. डॉक्टर म्हणाले, "रोज दोनदा ड्रेसिंग, नाहीतर पाय काढावा लागेल." सकाळचं मी करायची. संध्याकाळी माझी सेकंड शिफ्ट.

मी विचारलंही नव्हतं. मावशी टब घेऊन दारात.

पप्पा म्हणजे ताठ माणूस. देवळाबाहेर कुणापुढे वाकणार नाहीत. त्यांनी पाय आखडून घेतला.
"बाईमान्सानं पायाला हात नाय लावायचा. मला पाप लागंल."
"पाया नाय पडत तुमच्या, भाऊ. धुते हाय. गप बसा."

पाच महिने. रोज सहाला.

मला आधी वाटायचं, आज ना उद्या ही धर्माचं काढणार. खोटं कशाला बोलू?
तिने येशूचं नाव एकदाच घेतलं. पप्पांच्या उशीखाली जिलेबी सापडली तेव्हा.

जखम भरली. पाय वाचला.

आज चर्चमध्ये तिची मुलगी भेटली. म्हणाली, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. पप्पांच्या ड्रेसिंगच्या त्या वर्षी बारांत मावशीचं नाव होतं. नवी साडीही घेतली होती. पण संध्याकाळी माझ्या पप्पांच्या जखमेतून पू आला आणि ती गेलीच नाही.

"मी लय भांडले. मम्मी बोलली, फादरला दुसरा पाय भेटंल. भाऊचा हाच हाय."

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी पप्पा तिच्यावर खेकसले होते, पाणी गार आहे म्हणून.

हे ऐकून पप्पा उठले. चपला काढल्या. मावशीच्या शवपेटीजवळ गेले.
वयाने दहा वर्षांनी लहान बाईच्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं.

"धुवत नाय, बाय. पाया पडतो हाय," म्हणाले.
मग तिथेच उभे राहून लहान मुलासारखे रडले.

मीही रडले. अजून रडतेय.

मावशी, टब तुझ्या मुलीकडून मागून आणलाय. तो आता आमच्याकडेच राहील.
नीट जा.