घोरपड शेडबाहेर निघाली

पिंपळगाव बसवंतजवळ आमच्या मळ्यात एक जुनी लष्करी गाडी आहे. लोक तिला रणगाडा म्हणतात, पण तिला तोफ नाही, छप्परही नाही. जाड पत्र्याची, वरून उघडी, छातीइतक्या उंचीची पेटी आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांचे पट्टे, एवढीच ती. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून माझ्या आजेसासऱ्यांनी ती जमीन सपाट करायला आणली. जमिनीला पोट लावून सरकते, म्हणून घरात तिचं नाव घोरपड.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती कधीचीच बंद पडलेली होती. तिच्यात ठिबकच्या नळ्या, फाटक्या ताडपत्र्या आणि अंड्यावर बसलेली एखादी कोंबडी असायची. शेड झाडताना मी तिच्या कडेकडेने झाडून घ्यायचे.

मागच्या वर्षी नवऱ्याने द्राक्षांसाठी पॅकिंग शेड बांधायचं ठरवलं. जागा घोरपड उभी होती तीच, जुनी शेड पाडून. जुन्या शेडच्या पुढे चुन्याची फक्की टाकून आखणीही झाली. जेवताना तो म्हणाला, "घोरपड आता भंगारात देऊन टाकू."

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "मी चालवलीय ती."

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण तिचा विचार कुणी केला नव्हता. सासूबाई नवी नवरी असताना सासऱ्यांचा हात मोडला. पाऊस तोंडावर आणि निम्मी जमीन उंचसखल. आजेसासऱ्यांनी सुनेलाच विचारलं, चालवशील का? तिने नऊवारीचा काचा मारला आणि चालवली. हात गळ्यात अडकवलेले सासरे पुढे चालत डावं-उजवं दाखवायचे.

"सायकल नाय, स्कूटर नाय, जन्मात येवढी एकच गाडी चालवली मी," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर गुडघ्यांचं ऑपरेशन हाय. त्याच्या आधी एकदा बसायचंय तिच्यात. मग काय करायचं ते करा."

नवरा विरघळला, पण व्यवहार सोडला नाही. "दसऱ्याला ती स्वतः चालत शेडबाहेर आली तर राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येईल."

मग मी सूत्रं हातात घेतली. कुणीतरी घ्यायलाच हवी होती. पहिला नियम: जो नट काढेल, तो बरणीत टाकून वर चिठ्ठी लावेल. घरातल्या लोणच्याच्या सगळ्या रिकाम्या बरण्या मी शेडमध्ये मांडल्या. मुलगी नाशिकला मेकॅनिकल शिकते, ती दर शनिवारी यायची आणि नियम पाळायची. नवरा नट शर्टाच्या खिशात टाकायचा.

"अहो, आज वॉशिंग मशीनमधून निम्मा गिअरबॉक्स निघाला," मी एकदा सांगितलं.

"मग स्वच्छ झाला असेल," तो म्हणाला.

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून तेल ओतून ठेवलं आणि रोज सकाळी चहानंतर पाना लावून जोर करून पाहायचं ठरलं. बरेच दिवस काही हललं नाही. एका सकाळी पाना बोटभर फिरला. नवरा इतक्या मोठ्याने ओरडला की फवारणीवाला ब्लोअर बंद करून धावत आला. सासूबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला.

पट्ट्यांच्या कड्या जोडणाऱ्या पिना गंजून अडकलेल्या. त्या ठोकून काढल्या आणि नाशिकजवळ अंबडच्या एका लेथवर नव्या करून घेतल्या. रंगावरून मतभेद झाले. मुलीला लष्करी हिरवा हवा होता.

"हिरवी कशाला? तेव्हा ती मातीच्या रंगाची होती," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तो रंग नव्हता, माती होती!"

शेवटी मातीचाच रंग दिला. शेजारच्या मळ्यातले भाऊ येता-जाता विचारायचे, "वहिनी, सीमेवर कधी निघायचं?"

"आधी तुमच्या बांधावर येतो," मी म्हणायचे. "तो दरवर्षी आमच्याकडे सरकतोय."

खंडेनवमीला आमच्याकडे छाटणीच्या कात्र्या, पाने, ट्रॅक्टर, ब्लोअर, सगळ्यांची पूजा होते. त्या सकाळी कामाला कुणी हात लावत नाही. म्हणून आदल्या दिवशीच घोरपडीची चाचणी ठेवली. इंजिन खोकलं, धुराचा लोट सोडला आणि सुरू झालं. टाळ्या पडल्या. नवऱ्याने गिअर टाकला. घोरपड हातभर पुढे आली, कण्हली आणि बंद पडली. पुन्हा तेच. स्टेअरिंग तर दोघांनी मिळूनही फिरेना.

नवरा खाली उतरला. "गिअरबॉक्स गेला," तो म्हणाला आणि कुणाकडे न पाहता हात पुसत राहिला. सासूबाई खुर्चीत बसून पाहत होत्या. त्यांच्या मांडीवर दसऱ्यासाठी ओवायला घेतलेला झेंडू होता, पण ओवणं थांबलं होतं.

"खडखड नाय करत आता ती," त्या म्हणाल्या. "तेव्हा विहिरीवरच्या बायांना आधी आवाज यायचा, मग मी दिसायची."

"आवाज कसा येईल, आई? पट्टे किती कसून बसवलेत मी."

मी पट्ट्याचा वरचा भाग धरून उचलून पाहिला. हलला नाही. पान्याने टिचकी मारली तर टण्णकन वाजला. अगदी मांडवाच्या तारेसारखा. द्राक्षाच्या मांडवाची तार आम्ही वाजेपर्यंत ओढतो; सैल राहिली तर घडांच्या वजनाने मांडव झोपतो. ती तार ओढण्यात आमच्या दोघांची हयात गेली. पट्टे कसताना नवरा पाना ओढत होता आणि मीच बाजूला उभी राहून म्हणत होते, "अजून थोडा, वाजला पाहिजे."

"अहो," मी म्हटलं, "आपण मांडव बांधलाय."

मुलीने कपाळावर हात मारला. "मम्मी! ही गाडी वळताना चाकं आडवी सरकतात आणि पट्टा वाकतो. त्याला झोल नको? एवढा ताणलेला पट्टा तर सरळसुद्धा फिरणार नाही." इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या पुस्तिकेत ते चित्र होतं. तिने ते पाहिलंही होतं. पण द्राक्षवाल्याच्या घरात जन्मलेली; कसलेला पट्टा तिलाही छानच दिसला होता.

नवरा आधी रागावला, मग हसत सुटला, आणि तसाच हसत पाना घेऊन गाडीखाली शिरला. दोन्ही पट्टे सैल केले. वरचा भाग दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा लोंबायला लागला. आम्हाला ते बघवत नव्हतं.

दसऱ्याला घोरपडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. प्रश्न होता सासूबाईंना वर चढवायचा. माझ्याकडे तयारी होती: द्राक्षाचे क्रेट उलटे मांडून पायऱ्या केल्या, वर गोणपाट बांधलं. त्या एकेक पाय ठेवत चढल्या. आत बसल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. पदर खोचला आणि पाय जागेवर गेले. मुलगी शेजारी बसली.

घोरपड खडखडत निघाली. नवरा पुढे उभा राहून हातांनी डावं-उजवं दाखवायला लागला, अगदी आपल्या वडिलांसारखं. सासूबाईंनी क्षणभर पाहिलं.

"बाजूला हो रे! तुझ्या बापालाबी हेच सांगत होते मी!"

तो उडी मारून बाजूला झाला. घोरपड शेडबाहेर आली, पण थांबली नाही. सरळ नव्या शेडच्या आखणीवर गेली. सासूबाईंनी स्टेअरिंग थोडं वळवलं, ती वळली. फक्कीच्या रेघा मातीत मिसळल्या. शेजारचे भाऊ बांधावरून ओरडले, "वहिनी, खरंच बांधावर येता का?" सासूबाई त्यांच्याच दिशेने निघाल्या, तसे ते चक्क मागे सरले. मग विहिरीला वळसा घालून, हसत हसत, त्या परत आल्या.

उतरल्यावर त्या म्हणाल्या, "लय हलकी झालीय आता."

नवरा पुसलेल्या रेघांकडे बघत होता. मग फक्कीचं घमेलं घेऊन आला. नवी आखणी त्याने बरीच पुढून सुरू केली. घोरपडीच्या पट्ट्यांच्या खुणांच्या बाहेरून.