वनपुजाऱ्याच्या काठीचा मंत्र

ठाण्याच्या कॉलेजात पहिलं वर्षभर महिपतला कोणी फारसं ओळखत नव्हतं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा मुलगा एकदा 'पाणी'ला 'पानी' म्हणाला, मागच्या बाकावर खसखस पिकली, आणि त्यानं जिभेला कुलूपच घातलं.

चौऱ्याण्णव साली ते कुलूप निघालं. त्याच्या वर्गातल्या, डोंबिवलीच्या गुरुदत्तला अमेरिकेतल्या मामानं एक खेळ पाठवला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. वीस बाजूंचा फासा, नियमांचं जाडजूड पुस्तक आणि तोंडानं रचत जायची गोष्ट. खेळायला माणसं कमी पडत होती, म्हणून महिपतलाही बोलावणं आलं. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. वर्गातलाच त्र्यंबक झाला तलवारबहाद्दर सरदार. वनपुजारी कोणालाच नको होता, तो महिपतच्या वाट्याला आला. या पुजाऱ्याच्या हातात साधी लाकडी काठी. पण रानाची शक्ती काठीत उतरवायचा मंत्र त्याला येत होता. मंत्र लागला, की काठीचा घाव तलवारीला भारी.

पहिल्याच रविवारी, गुरुदत्तच्या घरी जमल्यावर, खेळात राक्षस समोर ठाकला.

"मंत्र म्हण," खेळ चालवणारा गुरुदत्त म्हणाला. "नुसतं 'म्हणतो' म्हणून नाही चालणार. शब्द पाहिजेत."

सगळे महिपतच्या तोंडाकडे बघायला लागले. मग ओठांवर जे आलं ते त्यानं घरच्या हेलात म्हणून टाकलं, "तिवराबाय, तिवराबाय, काठी तुजी, हात माजा, जोर तुजा!"

खोली हसून लोळली. शिवाय फाशावर पुरते वीस पडले, मंत्र लागला.

"साल्या, कुठून आणलंस हे?" त्र्यंबकनं विचारलं.

"असंच. बनवलं," महिपत म्हणाला.

बनवलं कुठलं! महिपत लहान असताना त्याचे वडील गोमाजी खाडीत बुडून गेले. तेव्हापासून त्याची आई मनुबाई एकटी छोटी होडी घेऊन खाडीकाठच्या खारफुटीत, तिवरांच्या झाडीत, चिंबोऱ्या म्हणजे मोठे खेकडे धरायला जायची. निघताना होडी ढकलायची काठी कपाळाला लावून ती हेच शब्द म्हणायची.

पण आता महिपतला मान मिळू लागला होता. कॅन्टीनमध्ये शिरला, की "तिवराबाय आली रे!" असा गलका व्हायचा. मग तो डोक्यावर रुमालाचा पदर घ्यायचा, कंबरेत वाकायचा आणि आईचा आवाज काढायचा. पोरं टेबलं बडवायची.

नारळी पौर्णिमेला गुरुदत्त आणि त्र्यंबक त्याच्याकडे जेवायला आले. दाराशी काठी टेकवलेली होती. त्र्यंबकनं ती उचलली, कंबरेत वाकला आणि चिरक्या आवाजात मंत्र सुरू केला. महिपत "अरे ठेव, ठेव" म्हणेपर्यंत मनुबाई नारळीभाताचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी.

"ह्यांना कोनी शिकवलं रं?"

"महिपतनंच, काकू," त्र्यंबक हसत म्हणाला.

"माज्या पोरानं?" तिचा चेहरा असा उजळला, की महिपतनं मान खाली घातली. "मना वाटायचं, याला आमच्या बोलन्याची लाज वाटतं. घरात कदी तोंडातून काढत नाय, आनि दोस्तांना शिकवतो!"

ताट खाली ठेवून तिनं त्र्यंबकचे हात धरले. "अशी नको धरू. कपालाला लाव. याचा बापूस गेल्यावर मी पयल्यांदी होडीत बसली, तवा हात निसते लटलट कापायचे. सासूनं मना हे शिकवलं. बोलली, की कापायचे थांबायचे. हां, म्हन आता."

त्र्यंबकनं काठी कपाळाला लावली. मग ती हळूच दाराशी परत टेकवली. तिघंही खाली मान घालून जेवले. मनुबाई मात्र आग्रहानं वाढत राहिली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्र्यंबक थांबला. "तू बनवलंय म्हणालेलास. मी तुझ्या आईसमोर तिचीच नक्कल केली रे! मला माहीत नव्हतं, महिपत. तुला माहीत होतं."

महिपत त्या खेळाला पुन्हा गेला नाही.

आईला सांगायला त्याला आठवडा लागला. ती जाळं विणत होती. त्यानं सगळं सांगितलं, रुमालाचा पदरसुद्धा.

"हसले?" तिनं विचारलं.

"हो."

"तू पन?"

"हो."

ती पुन्हा जाळं विणायला लागली. सकाळी तो तिच्या मागोमाग पाण्यापर्यंत गेला. तिनं काठी कपाळाला लावली, वळून त्याच्याकडे पाहिलं, जरा थांबली आणि ते शब्द न म्हणताच होडी लोटली.

पुढं महिपतला आंबिवलीला कारखान्यात नोकरी लागली, रतनशी लग्न झालं. मनुबाई त्याच्यावर कधी रागावली नाही. डबा भरून द्यायची, घरी यायला उशीर झाला की वाट बघायची. रतनही सासूबरोबर होडीत जायला लागली. एकदा तो सुट्टीच्या दिवशी बाजारातून लवकर परतला, तर मागच्या दारी दोघींचा आवाज येत होता. रतन अडखळत 'काठी तुजी, हात माजा' घोकत होती.

"हळू बोल," मनुबाई म्हणाली. "महिपत येल इतक्यात."

हातातली पिशवी तशीच घेऊन तो पावलं न वाजवता गल्लीच्या टोकापर्यंत परत गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला.