माळकऱ्याच्या नावावरचे मासे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे — ते मलाही धड माहीत नाही.

मुंबई राज्य द्वैभाषिक व्हायच्या आधीची गोष्ट. मी बारामतीत पुण्याच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. रविवारी सायकलला गळाची काठी बांधायची आणि कळंबच्या अलीकडच्या सरकारी तलावावर जायचं, हा माझा विरंगुळा. तिथे गळ टाकायला परवाना लागे — हौसेनं मासे धरणाऱ्यालाही. एका माणसाला एकच काठी, जाळं नाही, कागद जवळ बाळगायचा, मागितला की दाखवायचा. हे नियम मला पाठ होते, कारण ते मीच छापून आणले होते. 'विनापरवाना गळ टाकणाऱ्यांवर खटले' — हा मथळाही माझाच.

आणि माझा परवाना? त्याची मुदत कधीच संपली होती. कचेरीत एक अर्ज करायचा होता. केला नाही. पेपरवाल्याला कोण विचारतो, असं वाटत असावं.

तलावाचे राखणदार गेनूतात्या, कन्हेरीचे. गळ्यात तुळशीची माळ. घरात मासळी शिजत नसे. परवाना बघणं त्यांचं काम. पहिल्या वर्षी त्यांनी तो बघितला, पुढे ओळख झाल्यावर मागितला नाही. माझी सायकल दिसली की बांधावर येऊन बसायचे.

"काय पेपरवालं, आज तरी घावतंय का, का नुसत्याच पाण्याला गुदगुल्या?"

"तुम्ही बसलात की मासे पळतात, तात्या."

"पळू द्या की. त्यांचा जीव वाचला, मला पुण्य."

मासा लागला मात्र, की ते उठायचे आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. गळ सोडवून मासा पिशवीत जाईपर्यंत वळायचे नाहीत. "तडफड बघवत न्हाय," एवढंच म्हणायचे. मग पुन्हा गप्पा. कन्हेरीच्या भजनात वीणा त्यांच्या गळ्यात असे. ती कुणाच्याही गळ्यात घालत नाहीत, हे त्यांनी मला दोनदा तरी सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

एका रविवारी जीप आली. खात्याचा नवा अधिकारी उतरला, थेट माझ्यापाशी आला.

"आपला परवाना?"

त्या क्षणी मला काय दिसलं? दंड नाही. माझ्याच पेपरात माझं नाव, आणि चहाच्या दुकानात ते मोठ्यानं वाचणारे लोक — ते दिसलं.

मी म्हणालो, "राखणदारांनी बसू दिलंय. निम्मे मासे त्यांना देतो."

कसं सुचलं? एखाद्या बातमीसारखं ते नेमकं, कमी शब्दांत बसलं.

अधिकारी तात्यांकडे वळला. "माळेला हात लावून सांग. यांना बिनपरवान्याचं बसू दिलंस?"

तात्यांनी माळ धरली. "व्हय सायेब. बसू दिलं. चुकलं माझं."

"आणि मासे घेतलेस?"

माळ अजून हातात होती. ते 'न्हाय' म्हणाले असते, तर ते खरंच असतं. पण ते माझ्याकडे बघत राहिले — रागानं नव्हे.

"ह्यास्नीच इचारा," ते म्हणाले. "ह्ये सांगतील ते खरं, सायेब. पेपरवालं हायत."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्यात गेलेल्या दोरीकडे पाहिलं आणि मान हलवली. होकाराची.

मला समज देऊन सोडलं. तात्यांची नोकरी गेली, तलावावरची खोली गेली. बातमी मीच पाठवली. माशांच्या मोबदल्यात बिनपरवाना मासेमारी; राखणदार बडतर्फ; एका इसमास समज. तो इसम मी. बातमी नेटकी झाल्याचं संपादकांनी आवर्जून कळवलं.

कन्हेरीत ती वाचली गेली. वीणा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात गेली. हे मला जळोचीच्या दूधवाल्यानं माप ओतता ओतता, हसत सांगितलं — "माळ घालून मासं हाणायचा की वो म्हातारा." मी दूध घेतलं.

पुढे एकदा बाजारात ते वांग्याची पाटी घेऊन बसलेले दिसले. "घ्या पेपरवालं, ताजी हायत." सदऱ्याचा गळा उघडा होता, आत माळ नव्हती. लोकांनी उतरवायला लावली की त्यांनी स्वतःच उतरवली? बातमीदार असून मी विचारलं नाही. वांगी पिशवीत घेतली आणि निघालो.

ते आता नाहीत. ते होते तोवर छापखाना माझ्या हाताशी होता. चूकभूल दुरुस्तीला दोन ओळींची जागा पेपरात नेहमीच असते. मी ती इतरांच्या चुकांसाठी अनेकदा वापरली.

गळ मी पुन्हा टाकला नाही. तरी कुठे साचलेलं पाणी दिसलं की माझ्यामागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं — आणि त्याचं तोंड माझ्याकडे नाही, हेही कळतं.

कारण त्या दिवशी, मी मान हलवली आणि तात्या वळले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी दोरी गुंडाळली, काठी सायकलला बांधली, बांध उतरलो. ते वळले नाहीत. गळाला त्या दिवशी काहीच लागलेलं नव्हतं.