टिनावर वाळवलेले बूट

बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना नाही, धरमपेठेत ज्यांच्याबरोबर चहा पिण्यात अर्धं आयुष्य घालवलं त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांचा आता मला राग येतो. लग्नात, बारशात कुणीतरी माझ्या खांद्यावर हात टाकतो आणि पाहुण्यांना सांगतो, "हे आपले इंटरनॅशनल बरं का! भारताकडून खेळलेत." पाहुणे भारावतात. मी हसतो. त्या हसण्याची मला किळस येते.

खेळलो, हे खरं आहे. साठचं दशक संपत आलं होतं. आशियातल्या देशांच्या तरुण पोरांची फुटबॉलची स्पर्धा बँकॉकला होती आणि भारताच्या संघात मी होतो. निळा ब्लेझर अजून कपाटात लटकतो आहे. पण तिथे दुसराच कुणीतरी जायचा होता. त्याचं नाव दामू.

दामू खाप्याचा, विणकराच्या घरातला. कन्हान नदीच्या रेतीत अनवाणी खेळून वाढला आणि शिकायला म्हणून नागपुरात मामाकडे आला. आम्ही एकाच क्लबात होतो, आणि एकाच जागेवर खेळायचो — डाव्या बाजूला, अगदी कडेला. मी बरा खेळायचो. तो चांगला खेळायचा. हा फरक बघणाऱ्यांच्या आधी मला कळला होता, आणि पोटात दुखायचं ते त्यामुळेच. माझे वडील कचेरीत हेडक्लार्क, मला घरून बूट, मोजे, रोजचं दूध — आणि हा अनवाणी पोट्टा मला मागे टाकून जातो? होय, असंच मनात यायचं. कशाला सजवून सांगू?

त्या मे महिन्यात निवड करणारे नागपूरला आले. आमच्या भागातून डाव्या कडेचा एकच खेळाडू घेणार होते. पुढच्या वर्षी आम्हा दोघांचंही वय बसणार नव्हतं, म्हणजे जे काय व्हायचं ते याच सामन्यात. त्यात एक अडचण होती. आपल्याकडच्या सामन्यांत निम्मी पोरं पायाला पट्ट्या बांधून अनवाणीच उतरायची, कुणी काही म्हणायचं नाही. पण बाहेरदेशी बुटांशिवाय मैदानात घेत नाहीत, म्हणून निवडीचा सामनाही बूट घालूनच खेळायचा होता.

दामूच्या मामांनी कामठीच्या छावणीतून कुणा फौजी खेळाडूचे जुने बूट मिळवले. जाड चामड्याचे, टाचेला कडक, आणि दामूला जरासे आवळ. असे बूट पायाला कसे बसवायचे हे बूटवाल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. भिजवायचे, ओलेच घालून हिंडायचं, मग सावलीत वाळवायचे आणि पुरते वाळायच्या आत एरंडेल चोळायचं. चामडं पायाचा आकार घेतं. दामूला हे मीच शिकवलं. शिकवताना मनात काही नव्हतं — नव्हतं ना? आता खात्री देत नाही.

एक अख्खी संध्याकाळ तो ओले बूट घालून मैदानाला चकरा मारत होता. दुसऱ्या दिवशी खाप्याला त्याच्या बहिणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, त्याला जाणं भाग होतं. मामाच्या खोलीत लहान पोरांची पलटण. म्हणून त्यानं बूट माझ्या हातात दिले.

"सावलीतच ठेवजो गा. अन् तेल लावजो आठवणीनं."

"तू जा बिनघोर," मी म्हणालो.

ते बूट मी न्हाणीच्या छपराच्या टिनावर टाकले. मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात. ओलं चामडं तशा उन्हात टाकलं की आक्रसतं, लाकडासारखं होतं — हेही प्रत्येक बूटवाल्या पोराला ठाऊक असतं.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की टाकले आणि विसरलो. पोरवय, उन्हाळ्याची सुट्टी, राहून गेलं. खोटं आहे! आमच्या न्हाणीच्या टिनावर हात पोचायला बाज ओढून आणावी लागायची. बाजेवर चढून कुणी विसरतं का? आणि तेवढ्यावर भागलं नाही. दुपारी घरचे सगळे वाळ्याच्या ताट्यांआड झोपलेले असताना मी पुन्हा बाजेवर चढलो आणि बूट पालथे केले. दुसरी बाजूही नीट भाजून निघावी म्हणून. टिनाचा चटका बसला तेव्हा बोट तोंडात घातलं आणि काम पुरं करून उतरलो. तुम्ही म्हणाल, अठरा-एकोणीसचं पोर, चुकलं. चूक नव्हती ती. चूक एकदा होते, माणूस ती उलटवायला परत वर चढत नाही.

आणि संध्याकाळी मी त्यांना एरंडेल लावलं. घासून घासून लावलं. चामडं आतून कधीच मेलं होतं, तेल वरच राहिलं आणि बूट नव्यासारखे चमकायला लागले. ऊन एकवेळ मत्सर म्हणून समजून घेईन — पण ते तेल? ते तेल लावताना मी शांत होतो. त्या शांत पोराच्या आजही कानफटात मारावीशी वाटते.

दामू साक्षगंधाचे लाडू घेऊन आला. बूट पाहून त्याचे डोळे भरून आले, खरंच भरून आले. "तू नसता तं माह्यं काही खरं नव्हतं गा," म्हणाला. मी त्याचा लाडू खाल्ला.

सामना सकाळचा होता. बूट घालताना तो कळवळला. "लय आवळ लागून राहिले," म्हणाला. "खेळता खेळता होतीन ढिले," मी म्हणालो आणि मला घातलं होतं त्या समोरच्या संघाकडे गेलो. पहिल्या दहाएक मिनिटांतच त्याच्या टाचा सोलल्या. ज्या पोराला रेतीत कुणी गाठू शकत नव्हतं तो चेंडूपर्यंत पोचतच नव्हता. एकदा त्यानं पंचांना हात जोडून विचारलं, बूट काढू का? पंचांनी नाही म्हटलं. मध्यंतराला त्याचे मोजे लाल झाले होते, आणि निवड करणाऱ्यांपैकी एकजण छत्रीखाली बसून म्हणाला, "पोरगा बुजतो आहे, दम नाही." त्यांना मोजे दिसले नाहीत? मूर्ख होते की आंधळे? त्यांच्यावर मी आयुष्यभर चिडलो, कारण तिथे चिडणं सोपं होतं. त्यांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी त्या सामन्यात जीव तोडून खेळलो.

मला घेतलं.

बँकॉकला मी किती खेळलो, विचाराल? एका सामन्यात आम्ही हरत असताना, अगदी शेवटी, मला उतरवलं. चेंडू एकदा पायाशी आला, मी तो बाहेर घालवला. बस, एवढंच! एवढ्यासाठी! परत आलो तर नागपूर स्टेशनवर क्लबाची माणसं हार घेऊन उभी. दामू खाप्याहून खास आला होता. त्यानंही माझ्या गळ्यात हार घातला आणि मी मान वाकवून घालून घेतला. त्यानंतर तो कुठल्याच मैदानावर दिसला नाही. शिक्षण सोडून घरच्या मागावर बसला. मला त्या ब्लेझरच्या जोरावर नोकरी लागली.

पुढे, ऐंशीच्या दशकात, गांधीबागेत त्याची गाठ पडली. मी साड्या घ्यायला गेलो होतो, तो व्यापाऱ्याकडे माल घेऊन आला होता. अंगानं भरलेला, हसतमुख. हाताला धरून मला चहाला नेलं, हॉटेलवाल्याला सांगितलं की हे आपले इंटरनॅशनल. मग चहा बशीत ओतता ओतता म्हणाला,

"एक विचारू का गा? तू तं देशोदेशीचे खेळाडू पाहिले. माह्ये पायच बुटाचे नव्हते ना? तेल लावलेले, नव्यावानी चमकणारे बूट — तरी सोसले नाही मले. माह्या पोट्ट्याले लय नाद आहे बॉलचा. पण म्या त्याले खेळूच देल्लं नाही. म्हटलं, आपल्या घरचे पायच तसे. कायले त्याची फजिती करा?"

तेव्हा मी काही पोर नव्हतो. कुठली जागा जायची नव्हती, कुठला संघ निवडला जाणार नव्हता. नोकरी पक्की होती. एक वाक्य पुरलं असतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या, कदाचित तिथेच चार लोकांत हात उचलला असता — आणि घरी जाऊन पोराला मैदानात सोडलं असतं.

मी म्हणालो, "हो गा. काही पाय तसेच असतात."

दामूनं मान हलवली. वर्षानुवर्षांचा प्रश्न सुटल्यासारखं त्याला बरं वाटलेलं दिसलं, आणि त्यानं माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.